दारावरचा आकडा आणि पाट्यावरचे ओझे

मुंबईच्या उपनगरांत, मग ते साकीनाका असो वा मुलुंड, लहान मालवाहू गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हटले जाते. मूळचे हे नाव एका जर्मन कंपनीचे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोच्या तीनचाकीने ते येथे रुजवले, आणि कंपनीने २००५ मध्ये फोर्स मोटर्स हे नाव घेतल्यावरही बोलीने ते सोडले नाही. त्याच वर्षी आलेल्या टाटा एसला लोकांनी 'छोटा हत्ती' करून टाकले.

कंपन्यांची नावे मात्र आकड्यांत बोलतात, आणि प्रत्येक आकडा वेगळीच गोष्ट सांगतो. टाटांच्या १६१३ मध्ये १६ म्हणजे गाडी, इंधन, माणसे आणि माल धरून होणारे एकूण वजन टनांत, तर १३ म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. १९८६ च्या ४०७ चे नाव याच पद्धतीचे. महिंद्राच्या बोलेरो पिकअपवरील १.७ टी हा आकडा मात्र एकूण वजनाचा नसून केवळ वाहायच्या मालाचा आहे. अमेरिकेत तर 'अर्धा टन' म्हणवणारे पिकअप आज अर्ध्या टनाहून बरेच अधिक वाहतात, म्हणजे तेथे आकडा निव्वळ आडनावासारखा उरला आहे.

खरे वजन पेलतो तो पाटा. लहान-मोठ्या लांबीच्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून, मधोमध यू-बोल्टने आसाला आवळलेली ही कमान ओझ्याखाली सपाट होत जाते. काही गाड्यांत तर जादा पट्ट्या माल चढल्यावरच टेकतात. पाटा भरल्या ओझ्याच्या हिशेबाने ताठ असतो, म्हणून रिकामा टेम्पो खड्ड्यांतून उड्या मारतो आणि भरलेला शांत चालतो. वजनकाट्यावर न जाताही ओझ्याचा अंदाज देणारी एवढी साधी खूण गाडीत दुसरी नाही, कारण मागची बाजू किती बसली हे रस्त्यावरच्या कोणालाही दिसते.

अडचण इथूनच सुरू होते. एखादा मालक गॅरेजमध्ये जादा पाटा टाकून घेतो तेव्हा गाडी बसत नाही, पण आस, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच राहतात, आणि नोंदणी पुस्तकातील एकूण वजनही बदलत नाही. म्हणजे वाढते ती क्षमता नव्हे, झाकली जाते ती खूण. मुंबईतल्या असल्फ्याच्या उतारावर हा फरक ब्रेकला कळतो. कायद्याची वर्गवारीही विलक्षण रुंद आहे: ३.५ टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्या एन-१ गटात मोडतात, पण परवान्यासाठी ७,५०० किलोपर्यंतचे वाहन 'हलके'च ठरते, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा परवाना असलेल्यास या मर्यादेतील मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते असे स्पष्ट केले. त्यामुळे पाऊण टन माल वाहणारा छोटा हत्ती आणि त्याच्या कित्येक पट ओझ्याचा ट्रक एकाच परवान्यावर चालतात. जादा वजनाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच माथी येतो.