आटे गेले, हेड नाही

मैत्रिणींनो, 'आटे' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिंदी मालिका बघणारीला पिठाचा डबा आठवेल. मला आता लोणच्याच्या बरणीचं झाकण आठवतं. घाईत वाकडं बसलेलं, अर्ध्यातच अडकलेलं, आणि आपण हट्टाने जोर लावून फिरवतोय ते. झाकणाच्या आत जी फिरती रेघ असते ना, तोच आटा. बोल्टला बाहेरून असतो, नटाला आतून. गेल्या मार्गशीर्षात या आट्यांनी मला जे शिकवलं, ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्याकडे जुनी मारुती व्हॅन आहे, ओम्नी. १९८४ साली आलेली ही गाडी कंपनीने २०१९ मध्ये बनवणं बंद केलं, पण आमच्या सारंगखेड्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत अजून तिच्यावाचून पान हलत नाही. त्या दिवशी बचत गटाच्या तिघींना तपासणीसाठी दोंडाईच्याला नेलं होतं. एकीला सातवा महिना. संध्याकाळी परत येताना तापीच्या पुलावर गाडी चढली आणि माझ्या सीटखाली फटाका फुटावा तसा आवाज झाला. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळे मी अक्षरशः उडालेच! मग फट्-फट्-फट् अशी माळ लागली आणि पेट्रोलचा भपकारा आला. ह्यांनी गाडी थांबवून आधी चावी काढली. आम्ही सगळ्या खाली उतरलो. दत्तजयंतीची घोड्यांची जत्रा आठवड्यावर आलेली, पुलावरून घोड्यांचे टेम्पो एकामागून एक चाललेले, आणि आम्ही कठड्याला चिकटून उभ्या. सातव्या महिन्याची ती बिचारी माझा हात सोडेना.

इंजिनात तीन स्पार्क प्लग असतात. त्यांतला मधला उखडून बाहेर आला होता आणि वायरला लोंबकळत होता. त्या प्लगच्या ठिणगीनेच तर पेट्रोल पेटतं. तो बाहेर लोंबकळताना ठिणगी कुठे पडली असती, हा विचार मला रात्री अंथरुणावर आला. तेव्हा घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने बॅटरी मारून पाहिलं आणि निकाल दिला, "आटे गेले. हेड बदलावं लागेल." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, प्लग त्यातच बसतात. आकडा ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. "तोवर काही करता येईल का?" विचारलं, तर म्हणे, प्लगला तांब्याच्या तारेचा एक पदर गुंडाळून आवळतो, जत्रेपुरतं निभेल. पुलावरचा प्रसंग डोळ्यांपुढे होता, मी नको म्हटलं.

राग मात्र दुसऱ्यावरच काढला. दिवाळीआधी गाडीचं सर्व्हिसिंग ज्या छोट्या गॅरेजात झालं होतं, तिथे काम करणाऱ्या पोराने प्लग काढून साफ केले होते. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, हात सतत काळे. मी मालकाला फोन केला आणि नको नको ते बोलले. "पोटुशी बाई होती गाडीत! तुमच्या पोऱ्याला अक्कल आहे का?" मालक म्हणाला, "ताई, त्याच्या पगारातून कापतो." मी 'कापा' म्हटलं नाही, पण 'कापू नका' असंही म्हटलं नाही.

मग कुणीतरी शहाद्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी भोकात बोट घालून फिरवलं, करंगळीवर आलेला चंदेरी चुरा मला दाखवला आणि म्हणाले, "व्हई जाई, ताई. आटे गेले, हेड नाही गेलं." हे वाक्य ऐकून किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मी तिथेच स्टुलावर बसून राहिले आणि विचारत राहिले. आर्ट्सची पदवीधर असले तरी कान आहेत! ते सांगत गेले. हेड ॲल्युमिनियमचं असतं. हलकं, उष्णता लवकर सोडणारं, पण मऊ. प्लग पोलादी. पोलाद आणि ॲल्युमिनियमचं भांडण झालं की हरतं कोण, ते आपल्या कढईला आणि उलथन्याला विचारा. प्लगची जाडी १४ मिलिमीटर, आणि एका फेऱ्यात तो फक्त सव्वा मिलिमीटर आत जातो, इतके बारीक आटे. आत प्रत्येक स्फोटाला प्लगला बाहेर ढकलणारा दाब येतो आणि तो सगळा त्या मऊ रेघांवर पडतो.

दुरुस्ती पाहताना मला आईची रफूची सुई आठवली. काही जण हेड न उतरवताच हे काम करतात. मिस्त्रींनी मात्र आधी हेड उतरवलं. "चुरा आत पडला तर सिलेंडरला चरे पडतील, मग खरंच रडाल." नंतर टॅप नावाचं हत्यार घेतलं. त्याने जुने मोडके आटे कापून काढायचे आणि थोडे मोठे, नवे आटे पाडायचे. टॅपला रॉकेल लावलं, कारण ॲल्युमिनियम रॉकेलवर स्वच्छ कापलं जातं. (रेशनवरचं रॉकेल दिसेनासं झालं, त्यांच्या फळीवर मात्र बाटली होती.) अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेतलं की चुरा तुटतो. घाई नाही, जोर नाही. एकदाही हात तिरका होऊ दिला नाही.

मग डबीतून त्यांनी एक छोटी स्प्रिंग काढली, स्टेनलेस स्टीलची, बांगडीवर बांगडी ठेवावी तशी. हिला हेलिकॉइल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत ती वापरली गेली होती, म्हणे आणि खरंही आहे. भोकापेक्षा ती किंचित मोठी असते, दाबून फिरवत आत घालायची. आत गेली की बाहेरच्या बाजूला फुगू पाहते आणि घट्ट धरून बसते. तिच्या आतल्या बाजूला पुन्हा पहिल्याच मापाचे आटे तयार! प्लगची गाठ आता मऊ धातूशी नाही, स्टीलशी. म्हणजे दुरुस्त केलेली जागा मूळच्यापेक्षा पक्की. मात्र प्लगच्या जागेभोवती तडा गेला असेल तर हा उपाय नाही, हेही त्यांनी सांगितलं. तसं असतं तर पहिला गॅरेजवाला बरोबर ठरला असता.

हेड बसवताना नवं गॅस्केट घातलं. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत तीन वेळा आवळले. खर्च आला नव्या हेडच्या खर्चाच्या कितीतरी खाली.

खरी गोष्ट पुढेच आहे. मिस्त्रींनी उखडलेला प्लग हातात घेतला आणि म्हणाले, "हा बाकीच्या दोनांच्या कंपनीचा नाही. आणि नवा आहे. कोणी बसवला?" सर्व्हिसिंगच्या बिलावर स्वच्छ लिहिलं होतं, प्लग सफाई. नवा प्लग नव्हताच. माझा अकरावीतला धाकटा दाराशी उभा होता, तो एकदम पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी मिसिंग करत होती, म्हणून त्याने मोबाइलवर बघून मधला प्लग बदलला होता. आम्हाला सुखद धक्का द्यायचा होता. गाडी नुकतीच बाहेरून आलेली, इंजिन तापलेलं. गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढला की आटे ओरबाडले जातात, हे त्याला ठाऊक नव्हतं. नवा प्लग तिरका लागला, फिरेना, तेव्हा पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर लावला. पोरगं रडवेलं झालं. मला त्याच्यापेक्षा माझीच लाज वाटली. त्याने निदान प्लग तरी बघितला होता. मी काहीच न बघता एकाच्या पगारावर हात घातला होता.

घरी न जाता तसेच त्या छोट्या गॅरेजात गेलो. मालकाला म्हटलं, चूक आमची आहे, याचे पैसे कापले असतील तर आत्ता माझ्यासमोर परत द्या. त्याने गल्ल्यातून काढून दिले. मुलाने ते न मोजताच खिशात टाकले. माझी माफी ऐकून नुसती मान हलवली, हसला नाही. हसावं तरी का?

धाकटा मात्र तिथून हलेना. शेवटी त्याने विचारलं, "मग तिरका लागू नये म्हणून काय करायचं?"

त्या मुलाने कोपऱ्यातून रबरी नळीचा वीतभर तुकडा उचलला आणि प्लगच्या मागच्या टोकावर चढवला. "इंजिन थंड पाहिजे. पान्याला आधी हात लावायचा नाही. अशी नळी फिरवायची. आधी उलटी, टक् वाजेपर्यंत, मग सुलटी. वाकडा लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. पूर्ण बसला की मग पाना. नवा प्लग असला तर अर्धा फेरा, फार तर थोडा जास्त. जुनाच परत बसवत असशील तर नुसता जरासा."

मग नळीचा तो तुकडा धाकट्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे. माझ्याकडे दुसरा आहे."