कबुली : व्यसनमुक्तीचा आरंभ

खोपोलीच्या शिळफाट्याहून बोरघाट चढून गेलेला रस्ता पुण्यास पोचतो. तेथे डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या मुक्तांगण केंद्रात व्यसनास आजार मानून उपचार होतात. मात्र तेथवर जाण्याच्या आड येतो तो घाट नव्हे, तर 'मी केव्हाही सोडीन' हा समज. कुटुंबही लोकलज्जेस्तव दोष झाकते.

तथागतांनी चार आर्यसत्यांत दुःखसत्यास अग्रस्थान दिले. दुःखच नाकारले, तर त्याच्या कारणाचा शोध सुरू होत नाही. सामञ्ञफलसुत्तात पितृहत्या करणारा अजातशत्रू आपला अपराध कबूल करतो, तेव्हा दोष ओळखून सुधारणे ही वृद्धीच होय, असे भगवान त्यास सांगतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस चळवळीची पहिली पायरीही मद्यापुढील हतबलतेची कबुली हीच आहे.

तथापि कबुली हा केवळ आरंभ होय. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने दारू एकाएकी थांबविल्यास आकडी येऊ शकते. म्हणून वैद्यकीय देखरेख आवश्यक असते.

विहारात पाचवे शील आपण सर्वच ग्रहण करतो. ज्याच्याकडून ते भंग पावते, त्यास 'माझे चुकते आहे' असे निर्भयपणे सांगता यावे, एवढा विश्वास आपण त्यास दिला आहे काय?