टोंकापर्यंत लांकूड असलेली रायफल

आषाढ लागला कीं आमच्या वडखळच्या बाजूस घरांचीं दारें चौकटींत अडकूं लागतात. धरमतरच्या खाडीकडून येणारा वारा ओला असतो, खाऱ्या शेतांत पाणी उभें असतें, आणि सागवानाचें जुनें दारही या ओलीनें फुगून बसतें. घरची मंडळी खांद्याचा धक्का देऊन तें उघडतात, आणि माघांत तेंच दार आपोआप सैल झालें कीं सारें विसरून जातात. आज आम्ही ज्या वस्तूविषयीं लिहिणार आहों ती दिसण्यांत दारापासून फार दूरची. परंतु तिची निम्मी कथा या फुगणाऱ्या लांकडाचीच आहे.

राष्ट्रीय छात्र सेनेंतील आमच्या मुलांस ही वस्तु चांगली परिचित आहे. १९४८ सालीं ही सेना कायद्यानें स्थापन झाली, आणि पुढें कित्येक वर्षे मुलामुलींनीं पंचवीस यार्डांच्या चांदमारीवर आपली पहिली गोळी झाडली ती पॉइंट बावीसच्या रायफलीनें. इंग्रजी लष्करांत गाजलेल्या ली-एनफील्ड रायफलीची ही धाकटी बहीण. थोरलीच्या नळींत बारीक छिद्राची नळी बसवून, किंवा मूळ नळी काढून तिच्या जागीं नवी घालून ही तयार करीत. बाहेरचें रूप मात्र थोरलीचेंच राहिलें. म्हणजे दस्त्यापासून निघालेलें लांकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेलें.

हिच्या काडतुसास रिमफायर म्हणतात. मोठ्या काडतुसांच्या बुडाशीं मधोमध एक लहान टोपी असते. तिच्यावर आघात झाला कीं दारू पेटते. रिमफायर काडतुसास अशी निराळी टोपी नाहीं. त्याच्या बुडाच्या पोकळ कांठांतच पेट घेणारें मिश्रण भरलेलें असतें, आणि बंदुकीची पोलादी टोंच त्या कांठास चेपते. कांठ चेपला जावा म्हणून तो पातळ ठेवावा लागतो. पातळ म्हणून आंतील दाब बेताचा ठेवावा लागतो. आणि दाब बेताचा म्हणून धक्का सौम्य, आवाज लहान व खर्च थोडा. आज सर्वत्र चालणारें ‘लाँग रायफल’ नांवाचें काडतूस अमेरिकेंत १८८७ सालीं निघालें. त्याची शिशाची गोळी साधारणतः अडीच ग्रॅमांहून किंचित् जड असते. पण पालकांनीं तिला खेळणें समजूं नये. ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊं शकते, आणि पाण्यावर तिरपी पडली तर मुलांनीं फेंकलेल्या चपट्या खापरीसारखी उसळते. आमच्याकडे चोहोंकडे खाडी, मिठागरें व पाणथळ शेतें आहेत म्हणून हें मुद्दाम लिहिलें. परवान्यावांचून असें शस्त्र बाळगतां येत नाहीं हें सांगावयास नकोच. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास नेमबाजीच्या सरावासाठीं पॉइंट बावीसचा परवाना मिळण्याची सोय मात्र ठेविली आहे.

आतां लांकडाकडे वळूं. नळीस टोंकापर्यंत लांकडानें मढविण्याची रीत सैन्यांतून आली. भराभर गोळ्या झाडल्यानें नळी तापते, आणि संगीन लावून झुंजणाऱ्या शिपायास ती हातांत घट्ट धरावी लागते. हात भाजूं नये म्हणून हें वेष्टण. युरोपांत शिकाऱ्यांनींही ही तऱ्हा उचलली. ऑस्ट्रियाच्या मान्लिखर-शेनौअर या १९०३ सालच्या आंखूड शिकारी रायफलीस असें लांकूड होतें, आणि आजही टोंकापर्यंतच्या लांकडास पुष्कळ लोक मान्लिखरच्याच नांवानें ओळखतात. डोंगरांत चढतांना रायफल खडकावर आपटते, झुडपांत घासते. तेथें लांकूड नळीचें रक्षण करितें.

आणि तें दिसतेंही सुंदर! हें लपविण्याचें कारण नाहीं. लांकडाची शीर दस्त्यापासून तोंडापर्यंत अखंड वाहात गेलेली असते. नळी तिच्यांत पेन्सिलींतील शिशासारखी बसलेली. कोठें धातूचा उघडेपणा नाहीं, हातास गार लागणें नाहीं. पुढें थोडें वजन राहिल्यामुळें उभ्यानें नेम धरतांना तोंड फारसें डळमळत नाहीं. भिंतीशीं पांच रायफली उभ्या असल्या तर मुलगा आधीं हीच उचलतो, आणि आम्हीही तेंच केलें असतें.

पण रिमफायरची नळी सैनिकाच्या नळीसारखी तापते कोठें? ज्या कारणासाठीं लांकूड पुढें नेलें तें कारणच येथें उरत नाहीं, आणि दोष तेवढे राहतात. गोळी सुटतांना नळी तारेसारखी थरथरते. हा थरथराट दर वेळीं सारखा असेल तरच गोळ्या एका जागीं जातात. लांकूड ओलीनें आडवें फुगतें, लांबीस जवळजवळ नाहीं. म्हणून तें नळीस एका बाजूनें दाबूं लागतें, आणि हा दाब ऋतूप्रमाणें बदलतो. पट्टा पुढच्या कडीस बांधून ताणला तरी नळी ओढली जाते. खाऱ्या हवेंत तर आणखी एक संकट: नळी आणि लांकूड यांच्या फटींत शिरलेली ओल बाहेर निघत नाहीं, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी रायफल आंतून गंजते. लांकूड उतरवून पाहण्याचे कष्ट फारसें कोणी घेत नाहीं.

आम्हींही घेतले नाहींत. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या तुकडींतील एका मुलाच्या गोळ्या भाद्रपदांतील चांदमारींत सगळ्या उजवीकडे वर जाऊं लागल्या. त्या एकमेकींजवळ पडत होत्या, हें आमच्या ध्यानांत यावयास हवें होतें. ज्याचा हात कांपतो त्याच्या गोळ्या विखुरतात. पण आम्हीं त्यास चाप झटक्यानें ओढूं नको म्हणून चारचौघांत बोललों आणि स्पर्धेच्या यादींतून त्याचें नांव काढलें. पुढें तपासणीस आलेल्या कारागिरानें लांकूड उतरविलें, तेव्हां नळीच्या डाव्या अंगास खालीं बोटभर चकचकीत घासल्याची खूण होती. लांकूड तेथें दाबून होतें, आणि गोळ्या बरोबर उलट दिशेस जात होत्या.

स्पर्धेच्या रायफलींत हें होऊं देत नाहींत. तेथें नळी मागच्या बाजूस घट्ट बसवितात आणि पुढें मोकळी सोडतात. आधार अर्ध्याहून अलीकडेच संपतो, व तो पुष्कळदां लांकडाचा नसून ॲल्युमिनियमचा असतो. दिसावयास तें यंत्र ओबडधोबड. पण कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें पन्नास मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेत्या झाल्या, आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणिलें, तें पॉइंट बावीस रिमफायरनेंच. पन्नास मीटरांवरील त्या लक्ष्याचें दहा गुणांचें वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर रुंद असतें, सदऱ्याच्या गुंडीएवढें. तेथें फुगलेल्या लांकडाची किंचितही ढवळाढवळ चालत नाहीं.

रायफल रिकामी असल्याची शिक्षकांनीं दोनदां खातरी केल्यावर आमच्या मुलांनीं एक परीक्षा करून पाहावी. कागदाची पातळ पट्टी नळी आणि लांकूड यांच्या फटींत घालून तोंडाकडून मागें सरकवीत न्यावी. जेथें ती अडेल तेथें लांकूड नळीस टेकलें आहे. ही परीक्षा ज्येष्ठांत एकदां व श्रावणांत एकदां करावी, आणि दोन्ही जागा वहींत लिहून ठेवाव्या.

ज्या मुलाचें नांव आम्हीं यादींतून काढलें तो त्याच वर्षीं शाळा सोडून गेला. कारागिराला सांपडलेल्या खुणेची हकीकत आम्हीं त्यास पत्रानें कळविली आहे.