पहिल्याच दिवशी सगळी ताकद संपवू नका: कॉलेज बेसबॉलकडून धंद्याचा एक धडा



आज उदाहरण जरा लांबचं घेतलंय, अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलचं. बेसबॉल कळत नसेल तरी काळजी नको. क्रिकेट कळतं ना? मग पुरे.

आधी स्पर्धा समजून घ्या

तिथे कॉलेजचे संघ गटागटांत खेळतात. या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. फेब्रुवारीत सीझन सुरू होतो. मे महिन्याच्या शेवटी बहुतेक कॉन्फरन्स आपली छोटी चॅम्पियनशिप स्पर्धा घेतात, चार-सहा दिवसांची. ती जिंकली की एनसीएएच्या 64 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. उरलेल्या जागा निवड समिती भरते. शेवटचे 8 संघ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात 'कॉलेज वर्ल्ड सीरीज' खेळतात.

खरा हिशोब पिचरचा

पिचर म्हणजे साधारण आपला बोलर. वनडेत बोलरला 10 ओव्हरची मर्यादा नियम घालतो, इथे ती मर्यादा हात घालतो. सुरुवात करणारा पिचर 90-100 चेंडू टाकतो आणि मग त्याला काही दिवस विश्रांती लागते. सीझनमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन मॅच आणि तीन मुख्य पिचर, त्यामुळे भागून जातं. पण या स्पर्धेत चार-पाच दिवसांत चार-पाच मॅच पडू शकतात. आज ज्याला वापरलात, तो फायनलला मिळेलच असं नाही.

आता यातली गंमत बघा. काही कॉन्फरन्समध्ये दोनदा हरल्यावरच संघ बाहेर जातो. आयव्ही लीगमध्ये चार संघांची अशीच स्पर्धा होते. एकही मॅच न हरणारा संघ 3 मॅचमध्ये चॅम्पियन होतो. पहिलीच मॅच हरलेला संघही चॅम्पियन होऊ शकतो, पण त्याला एकूण 5 मॅच खेळाव्या लागतात आणि त्यातल्या सलग 4 जिंकाव्या लागतात. म्हणजे हरल्यावर दुसरी संधी आहे, पण ती फुकट नाही. तिची किंमत पिचरच्या हातातून जाते.

धंद्यातला तुमचा पिचर कोण? तुमचं खेळतं भांडवल, तुमचा वेळ आणि हाताशी असलेली दोन भरवशाची माणसं. पहिली मोठी ऑर्डर फसली म्हणून धंदा बुडत नाही. त्या एका ऑर्डरमध्ये सगळं ओतलं असेल, तर मात्र दुसरी संधी समोर येते आणि ती घ्यायला हातात काही उरलेलं नसतं.

मोठ्यांची नक्कल का करू नये

अलाबामातल्या हूवर शहरात साउथईस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे एसईसीची स्पर्धा होते. ही देशातली सर्वांत ताकदवान कॉन्फरन्स. 2025 मध्ये तिचे तब्बल 13 संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेले. यातल्या बड्या संघांना हूवरमध्ये हरले तरी पुढे जागा मिळणार हे माहीत असतं. म्हणून ते बऱ्याचदा मुख्य पिचरला इथे फार ताणत नाहीत. रविवारी फायनल, सोमवारी यादी आणि शुक्रवारी खरी लढाई सुरू, असा त्यांचा हिशोब.

छोट्या कॉन्फरन्सचं चित्र उलटं. तिथून बहुधा एकच संघ पुढे जातो, चॅम्पियन. हरलं की वर्ष संपलं. त्यांना हात राखून खेळणं परवडतच नाही.

खेळ तोच आणि दिवसही तेच, फक्त पणाला लागलेलं वेगळं. मोठा ब्रँड प्रदर्शनात स्टॉल लावून निम्म्या किमतीत माल देतो, तेव्हा ती त्याची जाहिरात असते. तुम्ही तसंच केलंत, तर ते तुमचं दिवाळीचं भांडवल असतं. त्याला तो तोटा पचतो. तुम्हाला पचेल का?

आणि मोठ्याला घाबरूनही जाऊ नका. 2025 ची एसईसी स्पर्धा व्हँडरबिल्टने जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना पहिलं मानांकन मिळालं. पुढच्याच आठवड्यात, स्वतःच्या मैदानावर, छोट्या हॉरायझन लीगच्या राईट स्टेट संघाने त्यांना 5-4 ने हरवून घरी बसवलं.

31 वेळा हरलेला चॅम्पियन

2008 सालचा कॅलिफोर्नियातला फ्रेस्नो स्टेट संघ बघा. मुख्य पिचर टॅनर शेपर्स खांद्याच्या दुखापतीने बाहेर. तरी त्यांनी वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धा गाठली. तिथे चार संघांच्या गटात मानांकन चौथं, म्हणजे सगळ्यांत खालचं. ओमाहाच्या फायनलमध्ये जॉर्जियाविरुद्ध पहिली मॅच 6-7 अशी गेली. दुसरी 19-10 ने जिंकली, तिसरी 6-1 ने, आणि विजेतेपद त्यांचं. त्या वर्षी हा संघ एकूण 31 मॅच हरला होता!

एकाच स्टारवर सगळं अवलंबून असतं, तर शेपर्स बाहेर गेला त्या दिवशीच गोष्ट संपली असती. तुमचा एकच मोठा ग्राहक किंवा एकच कारागीर उद्या गेला, तर तुमचा दुसरा पिचर कोण?

आजचा गृहपाठ

वही घ्या आणि तीन ओळी लिहा.

1. येत्या तीन महिन्यांत माझी 'हरलो तर संपलो' अशी मॅच कोणती? ताकद तिथे लावायची.

2. कोणत्या मॅच हरल्या तरी चालतील? तिथे उधारी काढून खर्च करायचा नाही.

3. पहिला फटका बसला, तर पुन्हा उभं राहायला किती पैसे आणि किती दिवस लागतील? तेवढी रक्कम आजपासून वेगळ्या खात्यात.

तिसऱ्या ओळीचा आकडा लिहिता आला नाही, तर नवीन ऑर्डरचा ॲडव्हान्स घेण्याआधी थांबा आणि तो आकडा काढा. हरल्यावरही पुढच्या मॅचला उतरता येईल एवढा दम राखून ठेवणं, हाच धंद्यात टिकण्याचा मार्ग आहे.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!