खिडक्या धुण्याचा धंदा : आधी पाणी मोजा, मग काठी घ्या

बारावीनंतर नोकरीची वाट पाहणारी मुले आम्हाला विचारतात, थोड्या भांडवलात काय करता येईल? काचेच्या दर्शनी भागाची दुकाने, दवाखाने, बंगले आता गावोगावी आहेत. लांब काठीच्या टोकाला ब्रश, त्यातून शुद्ध पाणी. जमिनीवर उभे राहून काचा धुता येतात. शिडी नको, पुसणेही नको.

मात्र पाण्यात क्षार असतील तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि गिऱ्हाईक पुन्हा बोलावत नाही. म्हणून पहिली खरेदी टीडीएस मीटरची; तो काहीशे रुपयांत मिळतो. आकडा 100 च्या आत असेल, तर डीआय रेझिनची एक टाकी पुरते. बोअरवेलचा आकडा बहुधा कितीतरी जास्त निघतो. तिथे नुसते रेझिन झपाट्याने संपते आणि कमाई त्यातच जाते. आधी आरओ, मग रेझिन लावावे. घरगुती आरओ चालत नाही. पाणी संथ येते आणि त्यात क्षारही उरतात.

काठी 20 फुटांची पुरे. ग्लास फायबरची स्वस्त पण जड, कार्बन फायबरची हलकी पण महाग. विजेच्या तारांजवळ कोणतीच काठी उचलू नये.

टाकी, पाइप, पंप तपासून जुने घेतले तरी चालतील. आरओचा मेंब्रेन मात्र नवाच हवा. कर्ज काढून मोठी यंत्रणा घेण्यापेक्षा पहिल्या कामांच्या पैशातून एकेक वस्तू वाढवावी, असा आमचा सल्ला आहे.