'खारं'ला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मी होस्टेलवर चालती-बोलती डिक्शनरी झाले आहे. जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री दारावर टकटक होते आणि प्रश्न येतो, "ए, 'खारं'ला इंग्लिशमध्ये काय म्हणतात गं?" मी उलट विचारते, "खारं काय?" विचारणारीला वाटतं, ही भाव खातेय. पण खरं सांगू? या उलट प्रश्नाशिवाय उत्तर देताच येत नाही. विशेषण कधी एकटं राहत नाही, ते नामाच्या घरी राहतं. घर बदललं की इंग्रजीत त्याचं नावही बदलतं.

गुहागरात 'खारं' शब्दापासून सुटका नाही, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. रिपोर्टमध्ये या पाण्याला 'सलाइन' म्हणायचं. दाभोळच्या खाडीत वाशिष्ठीचं पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळतं, तिथलं पाणी 'ब्रॅकिश'. मराठीत यासाठी 'मचूळ' हा झकास शब्द आहे, पण आपण आळसाने सगळ्यालाच खारं म्हणतो. खारे दाणे 'सॉल्टेड', कारण त्यांना मीठ मुद्दाम लावलेलं असतं. आमटी खारट झाली तर नुसतं 'सॉल्टी' म्हणून भागत नाही, 'टू सॉल्टी' म्हणावं लागतं. आपल्या 'खारट'मध्ये तक्रार आधीच मिसळलेली असते, इंग्रजीत ती वेगळी घालावी लागते. आणि गोडं पाणी? ते 'स्वीट' नाही, 'फ्रेश वॉटर'!

सगळ्यात मजा खाऱ्या वाऱ्यांची. मराठी माध्यमवाल्यांनी भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा उलटा वाहतो, तो मतलई. इंग्रजीत हे 'सी ब्रीझ' आणि 'लँड ब्रीझ'. 'सॉल्टी विंड' म्हटलं तर कोणालाही कळणार नाही. मराठीने वाऱ्याची चव बघितली, इंग्रजीने तो कुठून आला ते बघितलं. गोष्ट एकच, बघण्याची जागा वेगळी.

दुसरा प्रश्न विचारायचा तो असा, की शब्द कौतुकाचा आहे की नावं ठेवणारा? पावसाळ्यात आपली हवा दमट, म्हणजे 'ह्युमिड'. चार दिवस दोरीवर लटकूनही न वाळलेले कपडे 'डॅम्प'. पण मऊ, ओलसर केक 'मॉइस्ट'. त्याला 'डॅम्प' म्हणून बघा, पुढच्या वाढदिवसाला तुम्हाला केक मिळणार नाही! तसंच 'पोरकट'चं. नावं ठेवायची तर 'चाइल्डिश', निरागसपणाचं कौतुक करायचं तर 'चाइल्डलाइक'.

आता म्हणाल, हे सगळं आर्ट्सवाल्यांनी बघावं, आपल्याला काय? तर मग 'कडक' घ्या. चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, नोट कडकडीत! इंग्रजीत अनुक्रमे 'स्ट्राँग', 'हार्श', 'स्ट्रिक्ट' आणि 'क्रिस्प'. इथे चुकलं तर लोक फार तर हसतील. पण वस्तू कडक असेल तर? तिच्यावर ओरखडा उठत नाही म्हणून 'हार्ड'? सहज वाकत नाही म्हणून 'स्टिफ'? आपटली तरी तुटत नाही म्हणून 'टफ'? मटेरियल सायन्समध्ये हे तीन वेगळे गुण आहेत आणि मोजायच्या पद्धतीही तीन. काच हार्ड आहे, पण टफ मुळीच नाही. लोहार कोयतीला पाणी देतो, म्हणजे तापवून एकदम थंड करतो, तेव्हा स्टील हार्ड होतं, पण ठिसूळही होतं. स्टिफनेस मात्र होता तेवढाच, सुमारे 200 गिगापास्कल राहतो. ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवावं लागतं. म्हणजे ज्या शाफ्टला धक्के बसणार आहेत त्याच्यासाठी 'टफ'च्या जागी 'हार्ड' लिहिलं, तर ती व्याकरणाची चूक उरत नाही. शाफ्ट तुटतो.

मग नेमका शब्द शोधायचा कसा? आपल्याकडे यासाठी मोठा खजिना आहे. जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याने 1831 मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात सुमारे 60,000 शब्द होते. त्याचा सहकारी थॉमस कँडी याने उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये पूर्ण केला. मोल्सवर्थ आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. मात्र त्याचं इंग्रजी पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं आहे, त्यामुळे तिथे मिळालेला शब्द आजच्या इंग्रजी डिक्शनरीत पुन्हा तपासायचा. शेवटी तो शब्द आपल्या नामाशेजारी बसतो का ते बघायचं. त्यासाठी ऑक्सफर्डची कोलोकेशन्स डिक्शनरी आहे, तिची पहिली आवृत्ती 2002 ची. पावसाला 'हेवी', तापाला 'हाय' आणि वाऱ्याला 'स्ट्राँग' का, याचं कारण ती सांगत नाही. पण कोण कोणाबरोबर नांदतं ते बरोबर सांगते.

आणि एवढं करूनही शब्द नाही मिळाला तर? ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्हायवात किंवा इंटरव्ह्यूत आपल्यातले कित्येक जण एका विशेषणासाठी अडतात आणि गप्प बसतात. समोरच्याला वाटतं, याला विषयच येत नाही. खरं तर विषय येत असतो, फक्त एक शब्द येत नसतो. अशा वेळी सरळ वर्णन करा. 'मस्टी' आठवलं नाही, तर 'पावसाळाभर बंद असलेल्या खोलीसारखा वास' हे साध्या इंग्रजीत सांगा. मोल्सवर्थनेही हेच केलंय. जिथे एका शब्दाला एक शब्द मिळाला नाही, तिथे त्याने चक्क वाक्यात अर्थ समजावून दिलाय. कोशकाराला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटावी?

तेव्हा या, बिनधास्त दार वाजवा. फक्त विशेषणाबरोबर नामही घेऊन या!