इंधनाची वाट

नारळी पौर्णिमा झाली की कोकणच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत लगबग सुरू होते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. जाळी नीट केली जातात आणि लहान होड्यांच्या मागच्या फळीवर पंख्याचे यंत्र घट्ट आवळून बसविले जाते. हे यंत्र होडीच्या बाहेरच्या अंगास बसते. म्हणून त्यास ‘आउटबोर्ड’ असे नाव पडले आहे. त्याच्या माथ्यावर इंजिन असते, मध्ये उभा दांडा असतो आणि खाली पाण्यात पंखा फिरत असतो.

अशी यंत्रे शंभराहून अधिक वर्षे वापरात आहेत. नॉर्वे देशात जन्मलेले व लहानपणीच अमेरिकेत गेलेले ओल एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकी शहरात आपले यंत्र विक्रीस आणले. त्याची शक्ती अवघी दीड अश्वशक्ती होती. त्यांच्या आधीही काहींनी अशी यंत्रे केली होती. परंतु एव्हिनरूड यांचे यंत्र विशेष लोकप्रिय झाले. पुढे या यंत्रांत पुष्कळ सुधारणा झाल्या. तरीही कार्बुरेटर असलेली जुन्या पद्धतीची यंत्रे आजही अनेक होड्यांवर दिसतात.

यंत्रामुळे वल्ही मारण्याचे कष्ट वाचले; पण त्याबरोबर माणूस यंत्रावर विसंबूनही राहू लागला. पहाटेच्या वेळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो. ओहोटी असेल, तर खाडीच्या मुखातून पाणीही बाहेर ओढ घेत असते. अशा वेळी यंत्र बंद पडले, तर होडी जागच्या जागी उभी राहत नाही. ती किनाऱ्यापासून दूर जाऊ लागते. घाबरलेला मनुष्य यंत्राची दोरी पुन्हापुन्हा ओढतो, हाताला लागेल तो स्क्रू पिळतो आणि अखेर दमून बसतो. जाणता नाखवा प्रथम नांगर टाकतो, होडी स्थिर करतो आणि मगच यंत्राकडे वळतो.

यंत्र चालण्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात. हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण हवे, ते मिश्रण दट्ट्याने नीट दाबले गेले पाहिजे आणि ते पेटविण्यासाठी प्लगमधून ठिणगी पडली पाहिजे. दोरी बराच वेळ ओढूनही यंत्र सुरू झाले नाही, तर प्लग काढून पाहावा. त्याचे टोक पेट्रोलने ओले असेल, तर पेट्रोल आत पोहोचत आहे. दोष बहुधा ठिणगीत आहे. टोक कोरडे असेल, तर पेट्रोल वाटेत कोठेतरी अडले आहे असे समजावे. ते कोठे अडले, हे शोधावयाचे तर त्याची संपूर्ण वाट ठाऊक असावी लागते.

ही वाट टाकीपासून सुरू होते. होडीच्या तळाशी ठेवलेल्या टाकीत एक नळी थेट बुडापर्यंत गेलेली असते. तिच्या तोंडाशी बारीक जाळी असते. टाकीतून निघालेले पेट्रोल रबरी नळीतून यंत्राकडे जाते. या नळीच्या मध्यावर मुठीत मावेल एवढा रबरी फुगा असतो. त्यात दोन झडपा असतात आणि त्या पेट्रोलला फक्त पुढे जाऊ देतात. यंत्र सुरू करण्यापूर्वी हा फुगा हाताने दाबून पेट्रोल पुढे सारावयाचे असते. पुढे गाळणी, मग यंत्राचा स्वतःचा पंप आणि शेवटी कार्बुरेटर, अशी ही वाट आहे.

पहिला मुक्काम टाकीचा. यंत्र चांगले सुरू होते, दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते आणि मग गुदमरल्यासारखे होऊन थांबते, असा अनुभव पुष्कळांना येतो. पुष्कळदा याचे कारण फारच लहान असते. टाकीच्या झाकणावर हवा आत जाण्यासाठी एक स्क्रू असतो. तो उघडावयाचा राहिलेला असतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले, तर तेल अडखळत, गुडगुड करीत बाहेर येते. दुसरे भोक पाडले की धार सरळ लागते. टाकीचेही तसेच आहे. पेट्रोल जसजसे कमी होते, तसतशी त्याची जागा घेण्यास हवा आत यावी लागते. ती न आल्यास टाकीतील दाब घटतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. अशा वेळी झाकणाचा स्क्रू सैल केला की हवा सूं आवाज करीत आत शिरते आणि रोगाचे निदान तेथेच होते.

टाकीतील पेट्रोलही तपासले पाहिजे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे ते बुडाशी साठते आणि पेट्रोल ओढणारी नळी नेमकी तेथेच असते. आज भारतात मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढले, तर इथेनॉल व पाणी दोन्ही पेट्रोलपासून वेगळी होऊन खाली बसतात. समुद्रावरच्या दमट हवेत ही काळजी विशेष घ्यावी लागते. काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडे पेट्रोल काढून क्षणभर ठेवले, तर वेगळा झालेला खालचा थर डोळ्यांना दिसतो.

दुसरा मुक्काम रबरी नळीचा व फुग्याचा. हा फुगा म्हणजे जणू वैद्याच्या हाती लागलेली नाडीच होय. तो दाबल्यावर चपटाच राहिला, तर त्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूस, वाट बंद आहे. तो दाबून दाबून घट्ट झाला, तर पेट्रोल बहुधा कार्बुरेटरच्या दारापर्यंत पोहोचले आहे. तो कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर नळीत हवा शिरत असावी, फुग्याच्या झडपा झिजल्या असाव्यात किंवा पुढे कार्बुरेटरमधून पेट्रोल उतू जात असावे. नळीतून बाहेर थेंब गळत नाही, एवढ्यावरून ती धड आहे असे मानू नये. शहाळ्याचे पाणी नळीने पिताना नळीला चीर गेलेली असली, तर पाणी सांडत नाही. नुसती हवाच तोंडात येते. जुन्या रबराला गेलेल्या बारीक भेगेतून अशीच हवा आत ओढली जाते. इथेनॉलमुळे काही जुने रबर फुगते वा आतून सुटू लागते आणि त्याचे कण पुढे जाऊन गाळणीत अडकतात.

तिसरा मुक्काम पंपाचा. जुन्या दोन धावांच्या यंत्रातील पंपात एक लवचीक पडदा असतो. दट्ट्या वरखाली होताना खालच्या पेटीतील हवेचा दाब कमीजास्त होतो आणि त्या दाबाने पडदा मागेपुढे हालतो. त्याच्या हालचालीने पेट्रोल ओढले व ढकलले जाते. पडदा कडक झाला अथवा फाटला, की यंत्र हळू चालते. पण वेग वाढविला की दम तोडते. त्याच वेळी दुसऱ्याने रबरी फुगा हाताने दाबीत राहावे. तसे केल्याने यंत्र पुन्हा जोर धरू लागले, तर हाताने पंपाचे काम केले, असे सिद्ध होते. म्हणजे दोष पंपात किंवा त्याच्या मागच्या वाटेत आहे, कार्बुरेटरमध्ये नाही.

शेवटचा मुक्काम कार्बुरेटरचा. त्यात एक लहान वाटी असते व तिच्यात एक तरंगणी असते. घरातील पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा जसा नळ बंद करतो, तशी ही तरंगणी पेट्रोल पुरेसे भरले की सुईने त्याचे दार बंद करते. वाटीतील पेट्रोल पितळेच्या एका सूक्ष्म छिद्रातून हवेच्या झोतात ओढले जाते. यंत्र पावसाळाभर पडून राहिले, तर वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. तिचा थोडासा थर छिद्र बुजविण्यास पुरेसा होतो. चोक ओढून धरला तरच यंत्र चालते, सोडला की थांबते, ही याची ठळक खूण होय. असे छिद्र तारेने कोरू नये. पितळ मऊ असते. छिद्र मोठे झाले, तर मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. योग्य द्रावणात भिजवून व हवेचा झोत सोडून ते स्वच्छ करावे. पावसाळ्यापूर्वी टाकी व कार्बुरेटर रिकामे करून ठेवले, तर हा त्रास सहसा उद्भवत नाही.

वाट लांब आहे. पण शोध लवकर लागावा अशी एक युक्ती आहे. चांगली टाकी व चांगली नळी दुसऱ्या होडीवरून आणून यंत्राला जोडावी. यंत्र नीट चालले, तर दोष आपल्या टाकीत किंवा नळीत आहे. न चालले, तर तो पुढे यंत्रात आहे. एका परीक्षेने निम्मी वाट निर्दोष ठरते. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

हे सारे करताना एक भान मात्र क्षणभरही सोडता कामा नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती होडीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून अशा कामाच्या जवळ विडी, दिवा वा स्टोव्ह असू नये. सुटी टाकी होडीतून उतरवून किनाऱ्यावरच भरावी. मुलांनी हे काम जाणत्या माणसाजवळ राहून पाहावे. एकट्याने त्यास हात लावू नये.

यंत्र बंद पडले की ते रुसले, असे लोक म्हणतात. परंतु यंत्राला राग नसतो व लोभही नसतो. ज्याला यंत्राची लहर म्हटले जाते, ते न सापडलेले कारणच असते. वाट ठाऊक असेल आणि टाकीपासून एकेक मुक्काम क्रमाने तपासला, तर ते कारण सापडते. मग झाकणाचा एक स्क्रू सैल करण्याचेच काम उरते, आणि ओहोटीच्या पाण्यातही होडी किनाऱ्याकडे तोंड फिरविते.